पाच खोल्यांची रेंज

बस गं आता. तुझा फोन नवा आहे हे सगळ्या गच्चीला कळलं. पण तो घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात "हॅलो, ऐकू येतंय का" करत फिरायचं असेल तर दिवसा फीर. रात्री नको. घरात एकटी असताना तर मुळीच नको... हसता काय? मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तुमच्या काकूला विचारा, मी तिच्यावरसुद्धा ठेवत नाही. पण या गोष्टीचा शेवटचा तुकडा मी स्वतः पाहिलाय. बाकीची टेस्टरने सांगितली, आणि टेस्टर खोटं बोलणाऱ्यांतला नव्हे.

टेस्टर म्हणजे माझा जोडीदार. तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून लोकांच्या घरांचं वायरिंग केलं. त्याच्या खिशात कायम तो दिवा लागणारा स्क्रूड्रायव्हर, आणि स्वभावही तसाच, लावून पाहिल्याशिवाय कशावर भरवसा म्हणून नाही. दूध आलं की आधी वास घेणार. लिफ्टमध्ये शिरताना आधी एक पाय आपटून बघणार. मेव्हण्याने चहा पुढे केला तर विचारणार, "आज काय काम काढलंस?" मेव्हण्यावर तर त्याचा खास डोळा होता. तो शेजारच्या गल्लीत राहायचा, टेस्टरच्या घराची एक किल्ली त्याच्याकडे असायची, आणि मस्करी त्याच्या अंगात मुरलेली.

तर त्या वर्षी टेस्टरच्या मुलीचे दिवस भरत आलेले. ती अठरा किलोमीटरवर, दीड खोलीच्या घरात. जावई जहाजावर, तो सहा महिने येणार नव्हता. टेस्टरची बायको लेकीपाशी जाऊन राहिलेली. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की तासाभरात माझ्यापुढे आणा, उशीर झाला तर मला दोष देऊ नका. गाडी एकच, ती टेस्टरची. म्हणजे बायकोने फोन करायचा आणि टेस्टरने गाडी काढायची.

आणि टेस्टरच्या घरात रेंज नाही. बैठकीतल्या टेबलावर कधी एक काडी, कधी दोन, झोपायच्या खोलीत शून्य. रविवारी रात्री पोरीच्या पोटात दुखलं. बायकोने नऊ वेळा फोन लावला, हा इकडे घोरतोय. ते दुखणं खोटं निघालं म्हणून वाचला. सकाळी बायको एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी खरं असेल." त्या एका वाक्याने माणूस हादरला. तीन दिवस तो माझ्याशी दुसरं काही बोलला नाही.

अकरा डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी त्याने नवा फोन आणला. आता साहेबांचा संशय सुरू. खोक्याचं सील कोणी उघडून परत चिकटवलंय का, ते भिंगाखाली पाहिलं. मग फोन किती वेळात चार्ज होतो ते घड्याळ लावून वहीत लिहिलं. अर्धा तास व्हिडिओ चालवून पाठ किती तापते ते गालाला लावून पाहिलं. दुकानदार रेंजबद्दल जे बोलला होता त्यातलं एक अक्षर त्याने खरं धरलं नव्हतं. कुठल्या खोलीत हा फोन उशाशी ठेवला म्हणजे बायकोचा आवाज नक्की पोचेल, ते स्वतः पाहिल्याशिवाय तो झोपणार नव्हता.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याने जुना फोन बैठकीच्या टेबलावर ठेवला. नव्यावरून त्याला फोन लावला, स्वतःच उचलला, स्पीकर चालू केला. आणि नवा फोन कानाला लावून घरभर निघाला.

पहिल्यांदा बैठकीच्या दारात, टेबलाकडे पाठ करून. "येतंय?"

"येतंय."

काड्या तीन. वहीत बरोबरची खूण.

स्वयंपाकघर. "येतंय?"

"येतंय."

न्हाणीघर. दार लावून घेतलं, लोखंडी दार, तिथे खरी परीक्षा. "येतंय?"

"येतंय."

काय गं? काय चुकलं विचारतेस? अगं, आमच्या धंद्यात हे असंच असतं. एक जण खोल्याखोल्यांतून फिरतो, दुसरा मेन बोर्डापाशी बसतो. हा ओरडतो "येतंय?", तो ओरडतो "येतंय". तीस वर्षं. दिवसातून शंभर वेळा. विचारलं की उत्तर येतं, हे त्याच्या हाडात बसलेलं. त्यामुळे त्याला काही वाटलंच नाही. आवाज साधा होता म्हणे. ना पुरुषाचा ना बाईचा असा. दिवसभर एका जागी बसून कंटाळलेल्या माणसाचा.

मग तो झोपायच्या खोलीत गेला. काड्या चार. खूश झाला. "येतंय?"

"येतंय."

वहीत खूण करता करता त्याची नजर पलंगावर गेली. बायकोच्या बाजूची चादर. घडी न मोडलेली.

मग बैठकीत कोण आहे?

ओरडला नाही तो. तुम्ही-आम्ही ओरडलो असतो. तो संशयी माणूस, त्याला आधी राग आला. मेव्हणा! किल्लीने आत शिरलाय आणि टेबलापाशी बसून मजा बघतोय. याला आज रंगेहाथ पकडतो. झोपायच्या खोलीमागच्या सामानाच्या खोलीच्या दारातून सरळ बैठकीतलं टेबल दिसतं. चपला काढल्या. भिंतीच्या कडेने गेला. दारात उभा राहिला.

बैठकीत दिवा चालू होता. टेबल दिसत होतं. टेबलावर जुना फोन. खुर्ची...

खुर्ची रिकामी.

घराच्या दाराची कडी आतून लावलेली. ती त्यानेच लावली होती.

मग त्याला दुकानदार आठवला. परत आलेला माल खपवलाय चोराने, आधीच्या गिऱ्हाइकाचा काहीतरी बोलणारा प्रोग्राम आत राहिलाय. हेही त्याला पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण टेस्टर तो टेस्टर. लावून पाहिल्याशिवाय...

टेबलावरची नजर हलू दिली नाही. फोन तोंडापाशी आणला. हळू म्हणाला,

"येतंय?"

टेबलापाशी काही हललं नाही.

"येतंय."

आणि मग... मग म्हणालं,

"पुढे?"

पाच जागा संपल्या होत्या. घरात सहावी खोली नव्हती.

त्याने फोन कट केला. कट होईना. लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आकडे पुढेच चाललेले. एकोणीस मिनिटं. वीस. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. वाट बघत होतं.

तेवढ्यात कानात टूं... टूं... दुसरा फोन येत होता. पडद्यावर बायकोचं नाव.

बारा वाजून एक मिनिट.

तो बैठकीत धावला. जुना फोन उचलला, तो बंद करायला. जुना फोन बंदच होता. बॅटरी संपलेली. पडदा काळा, पाठ गार.

मग हा बोलतोय कोणाशी?

टूं... टूं...

बायकोचा फोन घेता येईना. हा सुटेना. टेस्टर मला म्हणाला, "त्या क्षणी मला भीती नव्हती रे. पोर डोळ्यांपुढे दिसत होती." हा माणूस आयुष्यात कोणापुढे वाकला नाही. त्या रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडून उभा राहिला.

"ठेव. जो कोणी असशील... माझ्या पोरीचा फोन आहे. ठेव."

काही नाही.

"ठेव ना रे..."

आणि फोन सुटला.

बायको रडत होती. "कळा सुरू झाल्यात, किती वेळ लावतेय, कोणाशी बोलताय एवढ्या रात्री?" याने घराला कुलूप घातलं, गाडी काढली. अठरा किलोमीटर पंधरा मिनिटांत. एक वाजायच्या आत पोरगी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर होती. रात्रभर त्यांनी झुंज दिली. मूल सुटलं, मुलगी झाली, पण आईच शुद्धीवर येईना. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली तरी ती तशीच पडलेली. टेस्टरला आत सोडलं. त्याने तिच्या कानाशी वाकून एवढंच विचारलं, "पोरी, येतंय का गं ऐकू?"

बराच वेळ गेला. मग डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "येतंय, बाबा."

बाहेर येऊन तो लहान मुलासारखा रडला.

दुपारी मला बोलावणं आलं. घरी कपडे आणायला जायचंय, एकटा जाणार नाही, तू चल. वाटेत त्याने हे सगळं सांगितलं. वाट वाकडी करून आम्ही मेव्हण्याच्या कारखान्यात गेलो. रात्रपाळीची हजेरी याने स्वतः वाचली, दहा ते सहा, मेव्हणा मशीनवर. मीही मनातून हसत होतो, खोटं कशाला सांगू. म्हातारा झाला, म्हटलं. तीन रात्रींचं जागरण आणि लेकीची काळजी, कानांत काहीही वाजेल.

एक वाजता कुलूप उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं, ते त्याने दोनदा पाहिलं. आत टेबल तसंच. जुना फोन तसाच. खुर्ची मात्र आता भिंतीकडे तोंड करून होती.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. बोर्डापाशी बसणारा माणूस नुसता ओरडत नाही. दर वेळी "येतंय" म्हटलं की भिंतीवर पेन्सिलीने एक उभी रेघ मारतो, म्हणजे शेवटी मोजता येतं. रंगारी आम्हाला त्यावरून शिव्या घालायचे.

टेबलामागच्या भिंतीवर रेघा होत्या.

मी जवळ गेलो. पाच, एकीला एक लागून. पाच खोल्या, पाच रेघा. मी टेस्टरकडे पाहिलं. मनात म्हटलं, यानेच रात्री भ्रमात मारल्या असतील. त्याने बोटाने दाखवलं.

वीतभर जागा सोडून आणखी एक होती.

टेस्टरने तिच्यावर हात ठेवला. ठेवूनच उभा राहिला. मग म्हणाला,

"ही पोरीची."