काळ्या चित्रातला पांढरा ठिपका

भुताला रात्र लागते असं समजणाऱ्यांनी हे वाचू नये. हे घडलं भरदुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, लोक डबे उघडत असताना.

आणि खरंच घडलं.

ज्याच्या बाबतीत घडलं त्याला ऑफिसात ठिपक्या म्हणत. उपग्रह वरून रडारची लहर सोडतो, ती जंगलावर आपटून परत गेली की चित्र बनतं. झाडं पांढरी, उजाड जमीन काळी. ढग असोत की धुकं, रडारला फरक पडत नाही. त्या चित्रात काळं शोधायचं आणि कुठं तोड झाली ते कळवायचं, ही ठिपक्याची नोकरी.

त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, त्याच जंगलात वनरक्षक.

एका सकाळी दाजींचा फोन आला.

“काय मेव्हणे, तुमच्या उपग्रहाला दिसतंय का काही? लाकूडवाल्यांनी रस्त्याकडची झाडं शाबूत ठेवलीत. आतून मात्र जंगल पोखरतायत. मी एकटा पडलोय. तुमच्या नकाशावर आलं तर वरून माणसं मिळतील.”

ठिपक्याने चित्र उघडलं. पांढऱ्या जंगलात काळे ठिपके होते. बारीक, सुटे.

साहेबांनी चहाचा कप त्याच्याच टेबलावर टेकवला. “सुटा ठिपका म्हणजे रडारची खरखर. चाळणी लाव.”

चाळणी म्हणजे एक बटण. सुटे ठिपके पुसून टाकणारं.

“पण साहेब, दाजी म्हणतायत...”

“मग दाजींनाच उपग्रहात बसव.”

सगळे हसले. ठिपक्याही हसला, त्याची बढती साहेबांच्या सहीवर अडली होती. त्याने बटण दाबलं. नकाशा दुधासारखा पांढरा झाला.

माणसं गेली नाहीत. दाजी एकटेच आत गेले.

परत आले नाहीत.

खात्याने ठरवलं, न सांगता नोकरी सोडली. गल्लीने भर घातली, लाकूडवाल्यांना सामील असतील. गल्लीला असली कामं फुकटात जमतात. ताई एवढंच म्हणाली, “ते येतील. मी दार उघडं ठेवते.”

मग जंगलच गेलं. चित्रात सगळं काळं. एवढा मोठा डाग कुठली चाळणी पुसणार? साहेबांनी तो मुकाट्याने वर कळवला.

त्या काळ्यात एक पांढरा ठिपका होता...

सुटा.

म्हणजे तिथं काहीतरी उभं होतं.

ठिपक्या जीप घेऊन गेला. त्या जागी नुसते बुडखे. पाखरू नाही, वारा नाही.

पण पानं सळसळत होती... डोक्यावर, जिथं एकही फांदी उरली नव्हती.

उपग्रहाच्या पुढच्या फेरीत ठिपका रस्त्यावर आला होता.

त्यापुढच्या फेरीत पुलापाशी.

मग ताईच्या घरासमोरच्या माळावर...

त्या दिवशी ताईचा फोन आला. “अरे, माळावर बुटांचा आवाज येतोय. दिसत कुणीच नाही. कुत्रं भुंकतही नाही. नुसतं शेपूट हलवतंय...”

आणि मग ती दुपार. नवीन चित्र उघडलं. ठिपका ताईच्या उंबऱ्यावर होता.

“परत ठिपका?” साहेब मागे उभे होते. “नकाशा आत्ता वर जायचाय. चाळणी.”

“साहेब, हा एक राहू द्या.”

“का? तुझा नातेवाईक आहे?”

डबे खाणारे हसले. ठिपक्याचं बोट बटणावर होतंच. सवयीचं बोट.

दाबलं गेलं.

“बघ, कसा स्वच्छ झाला,” साहेब म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. ताई रडत नव्हती.

“ते आले होते रे. उंबऱ्यावर ओल्या बुटांचे ठसे उमटले. मी ‘या’ म्हणाले... आणि कुणीतरी फडक्याने पुसावेत तसे ते गेले.”

ठिपक्याने चाळणी काढून मूळ चित्र पुन्हा उघडलं.

उंबरा रिकामा होता.

त्यानंतर तो ठिपका कुठल्याच चित्रात आला नाही. ताई अजून दार उघडं ठेवते.

ठिपक्या मात्र तिच्याकडे जात नाही. जायला तो माळ तुडवावा लागतो. बुटांचा आवाज ऐकून ती बाहेर येईल...

आणि “या” म्हणेल.