स्टार्टरमधलं क्लिक

कोल्हारच्या शिवारात माघातली सकाळ घाई करत नाही. आधी उसाची पाती राखाडी होतात, मग पिवळट. मग विहिरीच्या कठड्यावर उन्हाची बारीक कड उमटते आणि सावकाश आत उतरू लागते.

गेल्या वर्षी अशाच उजेडात हे घडलं. यातलं अक्षरही रचलेलं नाही.

विहीर दोघा भावांची. निम्मे दिवस ओंकारच्या वडिलांचं, पुंजारामअण्णांचं पाणी. निम्मे दिवस थोरल्या सहादेवतात्यांचं. तात्यांना एका शब्दाचं वेड. फोटो हवा असला, तर "क्लिक कर." गणित सुटलं, तर "झालं का क्लिक?" सोयरीक जुळली, तरी "क्लिक झालं!"

विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरचा आवाजही तोच. ऑटोचं बटण वर असलं, की वीज येताच मोटर आपोआप सुरू होई... क्लिक.

विहिरीत उतरणाऱ्याने फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, हा तिथला रिवाज. तात्यांनी एकदाच तो मोडला. वीज गेलेली होती. पाण्यावरून भावाशी अबोला होता, तरी उतरताना त्यांनी विचारलं, "पुंजा, ऑटो बंद हाय ना?"

"व्हय, बंद हाय."

तात्यांचा हात वायरवर असतानाच वीज आली.

क्लिक.

ऑटो चुकून चालू राहिला आणि तात्या गेले, असं सगळे म्हणाले. ओंकारही म्हणाला. पुंजाराम रोजच पाणी घेऊ लागला.

पण तात्यांच्या पाळीच्या दिवशी मोटर चालेना. स्टार्टरची पेटी नुसती वाजे... आणि गप्प.

अखेर पुंजारामने विहिरीत उतरायला दोर बांधला. तात्यांची बायको छबूबाई बांधावर उभी होती.

"भावजी, आज आमचं पानी हाय. आज नका उतरू."

"वैनी, मेलेल्या मानसाला कशाला लागतं पानी?"

"त्यांनी तुमाला इचारलं हुतं," ती शांतपणे म्हणाली. "तुमी त्यांना इचारलं का?"

पुंजारामने तीनही फ्यूज उपसून खिशात घातले. ओंकारला पेटीपाशी उभं केलं. वीज नव्हतीच.

ऊन पाण्याला टेकलं. पाखरं थांबली...

"ओंकार... ऑटो बंद हाय ना?" खालून वडिलांनी विचारलं.

बटण खाली होतं. फ्यूजच्या खाचा रिकाम्या.

"व्हय, अण्णा. बंद हाय."

क्लिक.

मोटर गुरगुरली. पाइपातून पाणी उसळलं आणि थेट तात्यांच्या वाफ्यांत शिरलं.

अण्णांना वर काढलं, तेव्हा तीनही फ्यूज त्यांच्या खिशातच होते. वायरमन पेटीकडे बघत राहिला.

शेजारी कुणी पेनाचं बटण दाबलं, तरी ओंकार अजून दचकतो. तात्यांचं कसं झालं, असं कुणी विचारलं, की म्हणतो, ऑटो चुकून चालू राहिला.

चुकून नाही. "बंद हाय" असं तात्यांना सांगता सांगता अण्णांनी ते बटण वर केलं, तेव्हा ओंकार शेजारीच उभा होता.