शेवट पडद्यावरच पाहा

मुलांनो, जरा डोळे मिटा. साल एकोणीसशे एकाहत्तर. शेवगावच्या एस.टी. स्टँडमागे एक चिमुकलं दुकान आहे. आत उघड्या पोटाचे रेडिओ, आणि वितळलेल्या कथलाचा वास. दिसलं? आता दारात एकोणीस वर्षांची मुलगी उभी करा. तिच्या एका हातात वडिलांचा मुका झालेला ट्रान्झिस्टर, दुसऱ्या हातात सात वर्षांची भाची, मेरी.

ती मुलगी म्हणजे मी, दीना. हे सांगताना अजून माझे कान गरम होतात.

दुकानातला तरुण मान खाली घालून काहीतरी जुळवत होता. एकदम रेडिओतून सिनेमाचं गाणं फुटलं.

"लई भारी सिनेमा," तो स्वतःशीच म्हणाला.

"काही भारी नाही," मी म्हणाले. मला कुणी विचारलं होतं का? "हिरो नुसता झाडांभोवती पळतो. आणि त्याची आई एवढी आजारी, पण अंबाडा कधी सुटत नाही!"

त्यानं वर पाहिलं आणि हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याआधी बारीक व्हायचा... मी घाईनं मेरीची रिबन नीट करू लागले.

त्याचं नाव आमोस. दोन दिवसांचं काम त्यानं पंधरा दिवस लांबवलं. मी विचारायला गेले की म्हणायचा, "एक तार राह्यलीय. तवर बसा. त्या नव्या हिरोइनीबद्दल काय मत हाय तुमचं?"

"रडते छान. हसायला शिकवा म्हणावं."

"तुमी शिकवा. तुमचं बरं हाय हसनं."

मेरी कोपऱ्यात बसून पाटीवर अक्षरं गिरवायची. मीच तिला शिकवत होते.

आता लाजेची गोष्ट. मी आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नव्हता. वडील चर्चचे पाळक, घरात सिनेमाचं नाव काढायची बंदी. मी दहा पैशांना गाण्यांची पुस्तिका घ्यायची आणि भजनांच्या वहीत लपवायची. तिच्यात गाणी असत, फोटो असत आणि कथाही, पण अर्धीच. खाली ठरलेली ओळ: 'पुढे काय होते? ते पडद्यावरच पाहा.' पुढचं मी मनानंच रचायची.

एक दिवस आमोसनं पेचकस बाजूला ठेवला. "सिनेमाच्या तंबूत तो नवा खेळ लागलाय, बाप शहरात जातो तो. आईला न्यावं म्हनतो. वडील गेल्यापास्नं ती उंबरा वलांडत न्हाई. चर्चलाबी न्हाई. पर शेवट गोड हाय ना? बाप परत येतो?"

'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण तो इतक्या भरवशानं बघत होता...

"येतो," मी म्हणाले. "पहाटे येतो. दार वाजवत नाही. शेळी ओरडते, त्यावरून बायको ओळखते. आल्या आल्या विचारतो, शेळीला पाणी पाजलं का?"

"मंग नेतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

चार दिवसांनी गेले, तर त्यानं वर पाहिलं नाही.

"बाप मरतो," तो म्हणाला. "आई मदीच उठली. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत भायेर गेली. तवापास्नं बोलली न्हाई."

आणि मी काय केलं असेल? दुसरं खोटं बोलले. "मी... मी नगरला पाहिला ना, तेव्हा शेवट वेगळा होता."

कोपऱ्यातून मेरी म्हणाली, "आत्या, तू नगरला कधी गेलीस?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं: पुस्तिका, वही, अर्ध्या कथा.

"मला नगा सांगू," आमोस म्हणाला. "आईला सांगा."

दुकानामागच्या खोलीत आमोसच्या आई, साळूबाई, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी आमच्या चर्चच्या रीतीनं सलाम केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"कशापायी खोटं बोललीस, बाय?"

खरं एकच उत्तर होतं. "तुमच्या मुलानं माझं बोलणं ऐकत राहावं म्हणून."

मागे दारात काहीतरी खणकन पडलं. आमोसच्या हातातला पेचकस. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

साळूबाई हळूच वळल्या. "तुझा शेवट सांग. त्या तंबूवाल्याचा नगं मला."

मी सांगितला. पहाट, शेळी, पाणी.

"आमचे हेबी आदी शेळीचंच इचारायचे," त्या म्हणाल्या. "मला मेलीला कदी न्हाई इचारलं, जेवलीस का म्हनून!" आणि पदर तोंडाला लावून रडता रडता हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "माज्याकडं कबूल झालीस. आता तुज्या बापाकडंबी हो."

माफी मिळाली, तरी माझी मान वर होईना. दुकानात आले, पिशवीतली ती पुस्तिका मेरीच्या मांडीवर टाकली आणि ट्रान्झिस्टर उचलला. आमोस वाटेत उभा.

"मी येतो संगं, पाळकसाहेबांकडं," तो म्हणाला. "त्यांना म्हनतो, म्होरला सिनेमा दीना माज्या शेजारी बसून बघंल. शेवटापत्तूर. आन त्याच्या म्होरचाबी... म्हंजे, जल्मभर." मग अगदी हळू, पहिल्यांदाच 'तू' म्हणत त्यानं विचारलं, "येशील तू?"

नेहमी चुरुचुरु बोलणारी मी, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले.

आणि मेरीनं काय केलं? तिनं पुस्तिका उघडली, शिसपेन जिभेला लावली, आणि 'पुढे काय होते?' या ओळीखाली वेड्यावाकड्या अक्षरांत, मी तोंड उघडायच्या आत, लिहून टाकलं: 'आत्या हो म्हणाली.'