मॉरिसच्या पाठीचे सागवान

गृहस्थाश्रमात अन्याय दोन वाटांनी शिरतो. एक वाट द्वेषाची. ती सर्वांना दिसते, म्हणून तिच्यावर कोणीतरी पहारा ठेवतो. दुसरी वाट सवयीची. ज्याने कधी ‘नाही’ म्हटले नाही, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा मागत राहण्याची सवय... आणि मागता मागता, आपण मागत आहोत याचेच विस्मरण! या वाटेने आलेला अन्याय सकाळी देवाला हात जोडतो, वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करतो, वेळच्या वेळी जेवतो. आणि तरीही त्याच्याएवढे निर्दय दुसरे काही नसते.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या त्या क्वार्टरात श्रावणातल्या एका सकाळी तो असाच आला, चहाचा कप हातात घेऊन.

“वहिनी, तुमचा पलंग पाहिजे होता,” प्रफुल्ल म्हणाला.

सिंधुताई मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही. “पाहुणे येऊन राहिले काय?”

“पाहुणे नाही. गाडीले पाहिजे.”

“गाडी झोपते काय रे पलंगावर?” सिंधुताई हसल्या. मग प्रफुल्लच्या मुद्रेकडे दृष्टी गेली आणि ते हसू त्यांच्या ओठांवरच विरून गेले.

त्या पलंगाची कथा प्रफुल्लला ठाऊक नव्हती असे नाही. गोंदियाकडच्या सिंधुताईंच्या माहेरी, वडिलांनी शेताच्या बांधावरचा सागवान तोडून, दोन वर्षे सावलीत वाळवून तो करविला होता आणि लेकीला आंदण दिला होता. त्याच पलंगावर त्यांचे यजमान गुलाब काविळीने महिनाभर झिजले. अंगाची आग सोसवेना, तेव्हा ते उजव्या हाताने पलंगाची बाजूपट्टी घट्ट धरून ठेवीत. बोटातली तांब्याची अंगठी घासून घासून त्या कठीण लाकडात अंगठ्याएवढा खळगा पडला. शेवटच्या दिवशी त्यांनी धाकट्या भावाचा हात पत्नीच्या हातात दिला. “सिंधू... प्रफुल्लले काही कमी पडू देऊ नको,” एवढेच म्हणाले आणि डोळे मिटले.

सिंधुताईंनी ते वाक्य मंत्रासारखे जपले. कारखान्यात पतीच्या जागी त्यांना नोकरी मिळत होती. त्यांनी ती दिराला दिली. नुकतीच शाळा संपलेला प्रफुल्ल त्या नोकरीवर उभा राहिला, परीक्षा देत देत साहेब झाला. त्याची पत्नी म्हणून भूमिका घरात आली, ती शाळेत शिकवीत असे. म्हणून तिची मुलगी प्रांजली सिंधुताईंच्याच मांडीवर वाढली. स्वतःसाठी त्यांनी एकच इच्छा ठेवली होती, आणि ती सर्वांसमक्ष अनेकदा बोलून दाखविली होती : “माहं मरण याच पलंगावर यावं. बाकी मले काहीच नाही पाहिजे.” निजताना त्यांचा हात त्या खळग्यावर असे. चाळीस वर्षांचे वैधव्य त्यांनी त्या अंगठ्याएवढ्या जागेत ठेवले होते!

आणि आता गाडी...

ती प्रफुल्लने चैत्रात घेतली होती. जवळच्या जामुल गावातल्या एका जुन्या ठेकेदाराच्या वखारीमागे, करंजाच्या झाडाखाली, ती कित्येक वर्षे उभी होती. विलायतेत घडलेली मॉरिस ट्रॅव्हलर. पुढून साधी मोटार, मागून मात्र लांब, खोलीसारखी, दोन झडपांचे दार असलेली. हिरवा पत्रा आणि मागच्या अंगाला मधाच्या रंगाची लाकडी चौकट. निवृत्ती जवळ आली होती. माघात रायपूरला भरणाऱ्या जुन्या मोटारींच्या मेळ्यात आपण ही चालवीत न्यावी, असे त्याच्या मनाने घेतले. ती ओढत क्वार्टरासमोर आली, तेव्हा शेजारच्यांनी विचारले, “साहेब, मोटार आणली का बैलबंडी?” प्रफुल्ल हसला, परंतु तो शब्द त्याच्या मनात काट्यासारखा रुतून राहिला.

आवारात जागा एकच होती. मागची पत्र्याची खोली, सिंधुताईंची! तिच्यात चाके, दारे, काचा, इंजिनाचे भाग येऊन पडले. पलंग आणि सिंधुताई पडवीत आल्या. कोणी त्यांना ‘जा’ म्हटले नाही. एके दिवशी खोलीत निजायला जागाच उरली नाही, इतकेच.

मग ती चूक झाली, जी पोलादाच्या गावातच होऊ शकते. चौकटीचे लाकूड वाळवीने खाल्लेले होते. पावर हाउस बाजारातला मिस्त्री केवलराम त्यावर हातोडी आपटून म्हणाला, “साहब, लकड़ी तो शो के लिए है. निकाल के फेंको, एंगल मार देते हैं.” जन्मभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या प्रफुल्ललाही ते पटले. भार वाहायचा तो लोखंडाने, लाकूड शोभेचे! चौकट उपटली गेली, लोखंडी पट्ट्या जोडल्या गेल्या. पहिल्याच फेरीत मागचे छप्पर खचले, काच तडकली आणि दोन्ही दारे अशी वाकडी झाली की दोघांनी रेटूनही लागेनात. त्यानंतर प्रांजलीने मोबाइलवर शोधून वडिलांना दाखविले, “बाबा, देखो ना... इस गाडी में लकडी ही सब उठाती है. छतसुद्धा लाकडावरच उभं आहे.”

नवे लाकूड आणले, ते ओलसर होते, दोन आठवड्यांत पिळवटले. केवलरामने पाहून मान हलविली. जुने, हाडासारखे वाळलेले सागवान हवे होते. आणि असे सागवान पडवीत होते...

“वहिनी, दुसरं कुठंच भेटून नाही राहिलं,” प्रफुल्ल म्हणाला. “दहा ठिकाणी पाहिलं.”

“माह्या मरेपर्यंत थांब न रे बाप्पा,” सिंधुताई अगदी हळू म्हणाल्या. “किती दिवस लागतीन मले?”

भूमिका दारात येऊन उभी होती. “ताई, असं अभद्र कावून बोलता? लोखंडी खाट आणून देऊ न आपण. नवी. पाठीलेही चांगली.”

“तुह्या भाऊजींचा जीव गेला व त्याच्यावर...”

“तेच तं!” प्रफुल्ल एकाएकी चिडला. सकाळीच कोणीतरी पुन्हा ‘बैलबंडी’ म्हटले होते. “त्या पलंगावर झोपल्यानं दादा वापस येऊन राहिला काय? चाळीस वर्षं झाले! घरातली एक गोष्ट मागितली मी तुम्हाले, एक!”

सिंधुताईंनी हातातले सूप आता खाली ठेवले. एक गोष्ट! त्यांच्या मनात क्षणभर काहीतरी उसळले... नोकरी आठवली, तारुण्य आठवले, ती खोली आठवली. परंतु त्याच क्षणी त्यांना दुसरा एक हात आठवला. तापाने तप्त, पिवळा पडलेला, आणि त्या हाताने आपल्या तळहातावर ठेवलेला एका पोराचा भेदरलेला हात. ‘काही कमी पडू देऊ नको.’

“घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “पण करवत चालवाच्या आधी थोडं थांब. गादी काढून घेऊ दे मले.”

गादी काढून झाल्यावर त्यांनी पलंगाच्या चारही पायांवर तुळशीची पाने ठेवली. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत. सुताराच्या करवतीचा आवाज येत राहिला. संध्याकाळी त्यांनी पडलेला भुसा झाडूने गोळा केला, तुळशीच्या बुंध्याशी घातला आणि चटई पसरली.

लोखंडी खाट आली नाही. आधी भूमिका विसरली, नंतर प्रफुल्लला वाटले की तिने ती आणली असेल. पुढे विचारायला दोघांनाही संकोच वाटू लागला, आणि संकोचाचे रूपांतर विस्मरणात व्हायला किती वेळ लागतो? लोखंडाच्या त्या गावात एका वृद्धेसाठी लोखंडाची एक खाट निघाली नाही! भाद्रपदात पडवीची फरशी ओल धरू लागली. सिंधुताई खोकू लागल्या. प्रांजली एकदा म्हणाली, “मोठी आई, माझ्या खोलीत चल ना.” त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरविला. “तुह्या परीक्षा आहेत बाई. माह्या खोकल्यानं झोप नाही होणार तुही.”

इकडे गाडी उभी राहिली... आणि काय देखणी उभी राहिली! सागवानाची चौकट तेलपाण्याने सोन्यासारखी झळकू लागली. छप्पर सरळ झाले. दारे बोटाच्या स्पर्शाने लागू लागली. शेजारी येऊन लाकडावर हात फिरवीत आणि विचारीत, “साहेब, बर्मा टीक काय?” प्रफुल्ल म्हणे, “घरचंच आहे.” घरच्या कोणाचे, ते कोणी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

दसरा आला. गाडीची पहिली पूजा त्या दिवशी ठरली. आदल्या संध्याकाळी भूमिका पडवीत आली.

“ताई, उद्या पूजेच्या वेळी... लोक येतीन. नवीन वाहन आहे. पहिलं औक्षण सवाष्णीचं असते. तुम्ही जरा अंदरच...”

“मले समजते व,” सिंधुताई म्हणाल्या. “मी पुरणाचं पाहीन.”

“नाराज नका होऊ.”

“नाही व. गाडी सुखरूप फिरली पाहिजे. बस.”

सकाळी अंगण झाडून रांगोळी निघाली. झेंडूची तोरणे बांधली गेली. चाकाखाली लिंबू ठेवले गेले. भूमिकेने ताट हातात घेतले, प्रफुल्लने नारळ उचलला, शेजाऱ्यांनी मोबाइल वर धरले... आणि आतून भांडे पडल्याचा आवाज आला. मग प्रांजलीची किंकाळी!

सिंधुताई चुलीपाशी कोसळल्या होत्या. ओठ निळे पडत होते. बसवले की शुद्ध हरपत होती. आडवे ठेवले तरच थोडी येत होती. रुग्णवाहिकेला फोन लावला. दसऱ्याच्या गर्दीत अडकली आहे, उशीर होईल, असे उत्तर आले. रोजच्या लहान मोटारीत त्यांना निजवता येईना.

“बाबा, ट्रॅव्हलर!” प्रांजली ओरडली. “पीछे की सीट गिराओ! जल्दी!”

प्रफुल्लच्या हातातला नारळ न फुटताच रांगोळीवर पडला. मागची दारे उघडली. सीट दुमडून गादी अंथरली, तीच जुनी गादी, आणि सिंधुताईंना तिच्यावर निजविले. भूमिका ताट तसेच हातात घेऊन आत चढली. ते खाली ठेवायचे तिला सुचलेच नाही. प्रांजलीने बाहेरून दारे लोटली. ती मृदू आवाज करून लागली. चाकाखालचे लिंबू चिरडले आणि गाडी निघाली. न ओवाळलेली, न पुजलेली. आणि तिची पहिली प्रवासी ती, जिला तिच्यासमोर उभे राहण्याची मुभा नव्हती!

रस्त्यात आपट्याची पाने घेऊन लोक एकमेकांच्या घरी निघाले होते. सिंधुताईंचा उजवा हात बाजूच्या लाकडावर पडला होता. बोटे आंधळ्यासारखी चाचपडू लागली, सरकली, थांबली. सुताराने चौकट बसविताना तो भाग आतल्या बाजूस ठेवला होता. तो खळगा... अंगठ्याएवढा!

त्यांनी डोळे उघडले.

“प्रफुल्ला...”

“बोलू नका वहिनी! आलंच, दवाखाना आलाच!”

“हा तं... माहाच पलंग आहे रे.”

प्रफुल्लने समोरच्या आरशात पाहिले. आरशात वहिनीचा हात होता आणि त्या हाताखालचा तो खळगा. त्या खळग्यावर त्याला दुसरा एक हात दिसला; त्याचाच हात धरून वहिनीच्या हातात देणारा. चाळीस वर्षे जे ठाऊक होते, ते त्या क्षणी पहिल्यांदा त्याला कळले. छातीतून असा हुंदका फुटला की गाडी हेलकावली.

“वहिनी! मले माफ करा... मी तुमचं सगळं घेतलं वहिनी, काहीच ठेवलं नाही तुमच्यापाशी! एक खाट नाही आणली मी... एक खाट!”

“रडू नको... समोर पाह.” त्यांचा श्वास तुटत होता, तरी मुखावर विलक्षण शांती होती. “दार... नीट लागते न आता?”

“लागते वहिनी...”

“मंग झालं.”

भूमिकेच्या मांडीवर त्यांचे मस्तक होते. तिचे अश्रू त्यांच्या कपाळावर पडत होते. “ताई, मी चुकली... मी तुम्हाले अंदर बसवलं, ताई!” ती म्हणाली, आणि ताटातली निरांजने लावू लागली. काडी लागेना, लागली ती वाऱ्याने विझली. मग तिने न पेटलेले ताटच त्यांच्यावरून ओवाळले. सिंधुताईंनी डावा हात उचलला. तो भूमिकेच्या गालापर्यंत पोचला, तेथे क्षणभर राहिला. “प्रांजलीले... माह्या गादीवर झोपू देजो कधी. मऊ आहे.”

दवाखान्याचे फाटक दिसू लागले, तेव्हा खळग्यातला अंगठा सैल झाला होता.

प्रफुल्लने गाडी थांबविली. मागे जाऊन दारे उघडली, आणि सागवानाच्या चौकटीवर कपाळ टेकून तो तेथेच गुडघ्यांवर बसला. इच्छिले होते तेथेच मरण आले होते. पण ते तसे यावे म्हणून त्या घराने काहीही केले नव्हते. त्याने तर तो पलंगच तोडला होता.

माघातला मेळा आला आणि गेला. हिरवी ट्रॅव्हलर सेक्टर दोनमध्येच राहिली. पडवीत आता एक लोखंडी खाट आहे, एरवी रिकामी. अभ्यास झाला की प्रांजली तिच्यावर ती जुनी गादी घालून निजते. दसऱ्याला गाडीची पूजा होते, आणि पहिले औक्षण शेजारची विधवा सुशीलाबाई करते. भूमिका स्वतः जाऊन तिला हाताला धरून आणते. त्या दिवशी प्रफुल्ल मागच्या बाजूस उभा असतो, खळग्यावर अंगठा ठेवून, मान खाली घालून.

जिने सर्व दिले, तिला विसावा लाभो. ज्यांनी सर्व घेतले, त्यांच्या पश्चात्तापाचे सार्थक होवो. आणि त्या घराच्या दारांना, ती उघडताना व लागताना, तिचे स्मरण राहो. शुभं भवतु.