सतीच्या दगडाची तहान

“आगीत गेलीय ती, गिता. एक दिवसबी तहानलेली ठेवू नगं.”

धुरपदाआत्या, आमच्या सासूबाई, जीव जाताना एवढंच बोलल्या.

मी रोज पोथी वाचणारी बाई. खोटं लिहून ते पाप कुठं फेडू? दौंड तालुक्यातलं, भीमेकाठचं आमचं गाव. गेल्या वैशाखात माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, गिताबाईंच्या घरात हे घडलं.

घाटावर सतीचा दगड आहे. रोज पहाटे त्याच्यावर तांब्याभर पाणी घालायचं, मगच आपल्या तोंडात थेंब घ्यायचा. एकतीस वर्षं गिताबाईंनी हे केलं. गुडघे गेले, नेम गेला नाही.

मग शाळेतल्या सुलक्षणाबाईंनी वारसा जपायचं मनावर घेतलं. बाई गुणाची. पोरं जमवून शेंदराचे थर उतरवले.

खालून बाईचा हात निघाला.

मनगटभर बांगड्या कोरलेल्या.

गाव फोटो काढायला लोटलं. दगडाभोवती जाळी आली, कुलूप आलं.

“काकू, पाण्यानं कोरीवकाम झिजतंय,” सुलक्षणा गिताबाईंना म्हणाली. “ अजून दोनशे वर्षं टिकवायचंय ना?”

“टिकंल गं. पर तहानंचं काय?”

“दगडाला कसली तहान! तुम्ही आता गुडघे शेका निवांत.”

गिताबाईंना राग यायला हवा होता. पण त्यांना हायसं वाटलं... हे त्यांनी फक्त मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या उजाडेपर्यंत पडून राहिल्या. उठून चहा ठेवायला गेल्या, तर...

माठ रिकामा.

गळला म्हणावं, तर खालची वाळू कोरडी.

तिसऱ्या दिवशी हंडा. चौथ्या दिवशी कळशी.

पाचव्या दिवशी दुपारी त्या भाजी निवडत होत्या. माठापाशी आवाज आला.

किण... किण...

काचेच्या बांगड्यांचा.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मेथीत होते.

सुलक्षणा हे ऐकून हसतच आली. “काकू, माठ बदला आधी!” तिनं स्वतः स्टीलची घागर काठोकाठ भरली आणि समोर मांडी घालून बसली.

बराच वेळ काही नाही. पंखाही बंद होता.

मग...

किण...

पाणी बोटभर उतरलं.

किण... किण...

वीतभर उतरलं. जमीन कोरडी. घोट घेतल्याचा आवाज नाही, कुणाची सावली नाही.

तळ दिसला, तेव्हा सुलक्षणाच्या तोंडचं हसू गेलं होतं.

गिताबाई मात्र घाबरल्या नाहीत. भिंतीला टेकून डोळे मिटून म्हणाल्या, “माझ्यानं आता रोज होत न्हाई गं, आई. कुणाला तरी सांग.”

सुलक्षणानं रिकामी घागर उचलून बाजूला ठेवली. मग हळू म्हणाली, “दगडावर नको. पायथ्याला भांडं ठेवू. उद्यापासून मी जाते, काकू. शब्द देते.”

ते कोण होतं, मला ठाऊक नाही. माठ आता भरलेला राहतो म्हणतात. तरी त्या घरी मी पाणी मागत नाही. दिलं, तरी नुसतं हातात धरून बसते.

पण तिनं शब्द दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट मी डोळ्यांनी पाहिली. मी अंगणात सडा घालत होते. सुलक्षणा भरली कळशी कमरेवर घेऊन आली आणि गिताबाईंच्या बंद दारासमोर थबकली.

मी हाक मारणार, तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“झोपू द्या त्यांना,” असं नुसत्या खुणेनं सांगून ती घाटाच्या वाटेला लागली.