परका तुकडा

आमच्या लॅबला एकच खिडकी आहे आणि ती ऑपरेशन थिएटरच्या बाजूला उघडते. खालच्या कँटीनमधल्या मिसळीच्या कटाचा वास जिन्यावरून वर येऊन फॉर्मॅलिनच्या वासात मिसळतो, आणि नव्या माणसाला सुरुवातीला जेवण जात नाही. मला आता त्याचं काही वाटत नाही. मी डॉक्टर महांतेश, या हॉस्पिटलचा पॅथॉलॉजिस्ट. कोल्हापुरात लोक सर्जनचं नाव सांगतात. माझं कुणी सांगत नाही, कारण मी कुणाला दिसतच नाही. मला ते बरं वाटायचं.

माझं काम त्या खिडकीतून येतं. पेशंट टेबलावर बेशुद्ध असतो आणि सर्जनला तिथल्या तिथे कळायला हवं असतं, गाठ कॅन्सरची आहे की साधी. मग एका छोट्या वाटीतून तुकडा माझ्याकडे येतो. आमची टेक्निशियन अनुजा तो धातूच्या चकतीवर जेलमध्ये बसवून क्रायोस्टॅटमध्ये ठेवते. क्रायोस्टॅट म्हणजे आत पातं बसवलेला डीप फ्रीजर. तुकडा गोठला की बाहेरचं चाक फिरवायचं. प्रत्येक फेरीला एक पापुद्रा निघतो, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. तो काचेवर घ्यायचा, निळ्या-गुलाबी रंगात बुडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. वीसेक मिनिटांत मी थिएटरला फोन करतो. याला आम्ही फ्रोझन म्हणतो.

अनुजा मुरगूडची. तोंडानं फटकळ, हातानं सफाईदार. एसीचा गारवा तिला सोसत नाही म्हणून गळ्याभोवती ओढणी गुंडाळूनच काम करते.

तो परका तुकडा मला पहिल्यांदा दिसला हातकणंगल्याच्या एका माणसाच्या काचेवर. त्याच्या जबड्याचं ऑपरेशन चालू होतं. मुख्य तुकड्यापासून लांब, काचेच्या वरच्या कोपऱ्यात, कापलेल्या नखासारखं वाकडं काहीतरी होतं. जबड्याचं नव्हतं, एवढं नक्की. एका पेशंटचा कण चुकून दुसऱ्याच्या काचेवर येतो, त्याला आमच्यात फ्लोटर म्हणतात. बहुतेक वेळा चूक न धुतलेल्या पात्याची असते.

"पातं बदललं होतंस का?" मी अनुजावर खेकसलो.

"बदललंय की सर. तुमच्यासमोरच तर बदललं."

पुढचा फ्रोझन एका मुलीच्या बीजकोशाचा होता. कोपऱ्यात तोच तुकडा, तसाच वाकलेला. मग मी सगळे रंग ओतून दिले, काचांचे नवे खोके फोडले, क्रायोस्टॅट बंद करून आतला बर्फ वितळवला आणि अनुजानं तो स्पिरिटनं पुसून काढला. त्यानंतरच्या फ्रोझनमध्येही तो आला, जरासा वाढून. त्याच्या कडेला बारीक काळे कण होते. रंगाचा गाळ असेल, असं मी म्हटलं.

एक गोष्ट मात्र मी अनुजाला सांगितली नाही. ती चाक फिरवायला लागली की माझ्या छातीवर, शर्टाच्या आत, गार लागायचं. बरोबर चांदीच्या डबीखाली.

आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून इष्टलिंगाची डबी माझ्या गळ्यात आहे. दोरा लांब, त्यामुळे ती छातीच्या डाव्या बाजूला रुळते. तिथेच मला अंघोळ करताना एक गाठ लागली होती. डबी घासून घट्टा पडला असेल, असं मी ठरवून टाकलं. लोकांच्या गाठी तपासून ज्याचं घर चालतं, त्या माणसाचं हे निदान! खरं कारण लाज होतं. मी तालमीत वाढलेला, छाती पुढे काढून चालणारा. त्या छातीत गाठ, बायकांना होते तशी? ती दाखवायची कुणाला, तर राजवर्धनला, माझ्याच बरोबर शिकलेल्या आमच्या सर्जनला? संध्याकाळपर्यंत ती गोष्ट कँटीनमध्ये चघळली जाईल, असं वाटायचं. घरीसुद्धा मी बनियन काढेनासा झालो. बायकोनं, सौंदर्यानं, एकदा विचारलं, "अहो, उकडत न्हाय का तुम्हाला?" मी तिच्यावर उगाचच चिडलो.

त्याच सुमारास नेसरीहून गौराबाई आली. सुईनं गाठीतल्या पेशी काढायला तिला माझ्याकडे पाठवलं होतं. छातीतली गाठ फुटायला आली होती. सून शेजारी मान खाली घालून उभी होती.

"इतके दिवस का लपवलंत?"

"कुणाला दावू बाबा? लाज वाटत हुती."

"लाजेपायी जीव घालवायचा का?" मी मोठ्यानं म्हणालो. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. गौराबाई मात्र माझ्या हाताकडे बघत होती. मी खाली पाहिलं. माझा हात शर्टावरून डबी दाबून धरत होता. त्या म्हातारीसमोर मला इतकी शरम वाटली, की सुई टोचताना मी तिच्याकडे वर मान करून पाहिलं नाही.

नंतर विजयमाला नावाच्या एका शिक्षिकेचा फ्रोझन आला. स्तनातली गाठ. चाक फिरलं आणि डबीखाली बर्फाची कड टेकल्यासारखं झालं. मी दात आवळून बसलो.

विजयमालाबाईंचा तुकडा साधा होता. शंकाच नाही.

कोपऱ्यातला नव्हता.

तो आता चांगला मोठा झाला होता, वाचता येण्याइतका. मी भिंग बदललं. स्तनाचाच भाग होता, पण बाईचा नव्हे. नळ्या होत्या, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी नव्हत्या. पुरुषाची छाती. नळ्यांच्या भिंती फोडून पेशी बाहेर पडल्या होत्या. एका कडेला कातडीची पट्टी होती आणि तिच्यात ते काळे कण. गाळ रंगातून येतो, तो असा रांगेत बसत नाही. चांदी वर्षानुवर्षं कातडीला घासली की असे कण आत उतरतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

फोन वाजला.

"काय रं, साधी हाय का न्हाय?" राजवर्धन थिएटरमधून ओरडला.

"साधी आहे. शिवून टाक."

"आनि काय?"

"काही नाही."

फोन ठेवला. अनुजाची पाठ माझ्याकडे होती. मी पातं घेतलं आणि काचेचा तो कोपरा खरवडला.

छातीत कळ आली. ओरडू नये म्हणून मी मनगट चावलं.

लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन शर्ट उघडला. कातडी धड होती. आतून मात्र कुणीतरी खरवडल्यासारखं चुरचुरत होतं.

ऑपरेशन आटोपून राजवर्धन केबिनमध्ये आला, तसा मी तिथे गेलो. तो हात पुसत होता. मी दार लावलं आणि बटणं काढायला लागलो, आणि कॉलेजातल्या पोरासारखे माझे कान तापले.

त्यानं डबी हळूच बाजूला केली आणि बोटं टेकवली. तो हसला नाही. तो हसला असता तर सोपं गेलं असतं.

"किती दिस झालं?"

"डबी घासून घट्टा..."

"म्हांत्या, लेका, तू हे मला सांगतोस?" त्याचा मोठा आवाज एकदम खाली आला. "वहिनींना म्हाईत हाय?"

मी मान हलवली. नाही.

ऑपरेशन झालं. माझा फ्रोझन बघायला मिरजेहून डॉक्टर संयोगिता आल्या होत्या. काखेपर्यंत पसरलं होतं, पण सगळं निघालं, असं राजवर्धन म्हणाला. त्याच्या मागे सौंदर्या उभी होती. ती एकच वाक्य बोलली, "मला तरी सांगायचं हुतं."

उपचार संपल्यावर मी कामावर परत आलो. सगळे नेहमीसारखे बोलले, कुणी काही चघळलं नाही. मी इतके महिने ज्याला घाबरलो, ते कधी नव्हतंच. मी अनुजाला माझी काच काढायला सांगितली.

"कशाला बगता सर?" ती म्हणाली, पण तिनं आणून दिली.

गाठ ओळखीची होती. तेच कण, त्याच नळ्या. मी काच सरकवत कोपऱ्यापर्यंत नेली. तो रिकामा असणार, अशी माझी खात्री होती.

तिथे एक तुकडा होता. कापलेल्या नखासारखा, वाकडा.

माझा नव्हता. गोल गोल पोकळ्या, आत गुलाबी चिकट रस. हे तर शिकाऊ पोरालाही ओळखता येतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी. एका बाजूला पोकळ्या मोडून पेशींची दाटी झाली होती.

मी वर पाहिलं. खिडकीतून नवी वाटी आली होती. अनुजानं चाक फिरवायला घेतलं होतं, आणि प्रत्येक फेरीला ती डोळे मिटून आवंढा गिळत होती.

"अनुजा, गळ्याला काय झालंय?"

तिचा हात ओढणीवर गेला.

"काय न्हाय की सर. एसी लई गार लागतोय."

एसी सकाळपासून बंद होता.