दोराचं खालचं टोक

गावाजवळच्या धरणात मासे धरणाऱ्या गुलाबरावांचा डोंगा मागायला मलिहा रोहिणखेडहून निघाली, तेव्हा ऊन अजून सोसवत होतं. स्कूटी ती चालवत होती. मागे सोहम बसला होता आणि त्याच्या मांडीवर पाणबुड्यांचं पिवळं, बोजड सिलिंडर होतं. रस्त्याने भेटणारा प्रत्येक माणूस मान वळवून बघत होता.

"लग्नाचा गॅस घेऊन चालले काय बे?" टपरीवरून कोणीतरी ओरडलं.

"हाव! पंगतीले या!" सोहमनेही ओरडून उत्तर दिलं.

दोघंही मर्चंट नेव्हीतले. ती जहाजावर थर्ड ऑफिसर, तो खलाशी. समुद्र बघायला दिवसभराचा प्रवास करावा लागतो अशा जिल्ह्यातली ही दोन पोरं. दर सुट्टीत त्यांच्यासारखी काही मंडळी कोकणात जमायची आणि समुद्राच्या तळाशी अडकलेली बेवारस जाळी वर काढायची. सोडून दिलेलं जाळं मरत नाही. मालक विसरतो, पण जाळं आपलं काम करत राहतं. मासे धरतं, कासवं धरतं. त्यांना काढायला कोणीच येत नाही. ज्या पाण्यावर आपण जगतो त्याला एवढं तरी परत द्यावं, असं या पोरांचं म्हणणं होतं.

या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं आणि बुडालेल्या जुन्या गावातल्या कडुलिंबाचा शेंडा पाण्यावर आला. त्या शेंड्याला गुंडाळलेल्या जाळ्यात पाणकावळे उलटे लटकत होते. मलिहाने ते बघितलं आणि ठरवून टाकलं, यंदा कोकण नाही. आधी घर.

गुलाबराव भोई काठावर जाळं सांधत बसले होते. तिचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. हातातली गाठ पुरी केली, मग मान वर केली.

"कादरभाईची पोरगी नं तू?"

"हो, काका."

"मंग आयक. खाली गाव हाये. तिथं जाळं अडकलं तं तोडाचं अन् सोडून द्याचं. वढाचं नाई. माह्या बापानं हेच केलं, म्याही तेच केलं. थो खालच्यांचा वाटा असते."

मलिहाचं डोकं तापायला एवढं पुरेसं होतं.

"नायलॉनचं जाळं वाटा म्हणून देता, काका? ते कुजत तरी असते का? तुमच्या पिढीनं या पाण्याले देलं काय, तं कचरा! अन् वरून त्याले रीत म्हणता!"

"जीभ बापापेक्षा लंबी हाये तुही."

"हातही लंबे हायेत. डोंगा देता का नाई तेवढं सांगा."

गुलाबरावांनी जाळं गुंडाळून ठेवलं. मग उठले आणि वल्हं उचललं. "डोंगा माहा हाये. मीच चालवीन."

पाण्यात उतरायचं तर जोडीनं, हा नियम. पण सिलिंडर एकच आलं होतं, तेही रत्नागिरीहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. म्हणून सोहम खाली जाणार आणि मलिहा वर दोर धरणार असं ठरलं. दोराचं एक टोक तिने त्याच्या कमरेला बांधलं आणि गाठ स्वतः ओढून बघितली. दोराची भाषा दोघांनाही पाठ होती. वरून एक झटका म्हणजे, ठीक आहेस ना? खालून एक झटका म्हणजे, ठीक आहे. झटक्यावर झटके आले की ओढायचं, काही विचारायचं नाही. आणि जो दोर धरतो तो खालचा माणूस वर आल्याशिवाय दोर सोडत नाही. काहीही झालं तरी नाही.

"सोडलास तं भूत होऊन येईन बे," सोहम म्हणाला, आणि पाण्यात शिरला.

सुरुवात चांगली झाली. सोहमने खाली जाळी कापून गाठोडी बांधली आणि मलिहाने ती वर ओढली. जाळ्यांत हाडं होती, पिसं होती, एका कासवाची पाठ होती. लिंबाभोवती बुडबुडे येत होते आणि त्यांवरून सोहम कुठे आहे ते कळत होतं. मलिहा अधूनमधून झटका द्यायची. खालून लगेच उत्तर यायचं.

दुपार चढली. वारा पडला. काठावरच्या बाभळीत चिमण्या होत्या, त्याही गप्प झाल्या. पाणी इतकं स्थिर झालं की डोंग्याची सावली त्यावर चिकटवल्यासारखी दिसायला लागली. आणि कुठूनसा वास आला. माशांचा नव्हे, चिखलाचाही नव्हे. चूल विझवून वर पाणी ओतल्यावर येतो तसला, ओल्या राखेचा वास.

"कोन चूल इझवली..." गुलाबराव पुटपुटले. आसपास वस्तीच नव्हती.

मलिहाने झटका दिला. उत्तर आलं. तिला बरं वाटलं.

तेवढ्यात डोंग्याच्या दुसऱ्या बाजूने, तिच्या पाठीमागून, एक ओला हात काठावर आला.

सोहम होता. तो वर चढला आणि तिच्यासमोर बसला. पाठीवर सिलिंडर नव्हतं. कमरेला दोर नव्हता.

"अरे! सिलिंडर कुठं हाये?"

"जाळ्यात अडकलं. काढून टाकलं." तो शांतपणे म्हणाला. "दोरही सोडला. वर आलो."

"मंग आताचा झटका कोणी..."

तिच्या हातातला दोर ताठ झाला. एक झटका आला. तिने विचारलं नव्हतं. खालून तिलाच कोणीतरी विचारत होतं, ठीक आहेस ना?

मग झटक्यावर झटके यायला लागले.

ती उभी राहिली. डोंगा डुचमळला. तिचे हात शिकल्याप्रमाणे दोर ओढायला लागले आणि दोर यायलाही लागला, हातभर, अजून हातभर. खाली वजन होतं. मेलेलं वजन नव्हतं ते. वर यायला धडपडणाऱ्या, पाय मारणाऱ्या माणसाचं वजन तिने आधी ओढलेलं होतं. ते असंच लागतं हाताला.

मग दोर अडकला. झटके थांबले नाहीत. उलट वाढले.

"तोड, पोरी!" गुलाबरावांनी कमरेची सुरी तिच्यापुढे धरली. "म्या सांगतलं होतं... तोड, देऊन टाक!"

"गप बसा, काका!"

तिने सोहमकडे बघितलं. बोटीत एक सोहम होता. दोराच्या खालच्या टोकाला मदत मागणारं कोणीतरी होतं. दोघांपैकी एकच खरा असू शकत होता, आणि तिला ठरवायला वेळ नव्हता.

"आपण पयलं कासव कुठं सोडलं होतं?" तिने विचारलं.

"वेळासच्या किनाऱ्यावर. संध्याकाळी," सोहम म्हणाला. "त्याचा एक पाय कापला गेलता. तू रडलीस, अन् डोळ्यात वाळू गेली म्हणून सांगतलंस."

हे त्या दोघांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

"मासा असन मोठा एखादा," सोहम म्हणाला. "जाळ्यात फसला असन. मले थंडी लागून राह्यली, मलिहा... चाल नं घरी."

उन्हाने डोंग्याच्या फळ्या चटके देत होत्या.

दोराने तिच्या तळव्याची साल काढली होती. झटके आता विस्कळीत झाले होते. त्यांत खूण उरली नव्हती, नुसती ओढ होती. आणखी थोडा जोर लावला तर जाळं फाटेल असं तिला वाटलं. आणि जे कोणी खाली होतं ते वर येईल. ते पाण्याबाहेर येईल आणि त्याचा चेहरा तिला बघावा लागेल. त्याच चेहऱ्याचा सोहम समोर बसलेला असताना.

ते मात्र तिच्याने झालं नसतं.

तिने गुलाबरावांच्या हातातली सुरी घेतली आणि दोर कापला. गावोगाव फिरून ज्या गोष्टीसाठी ती म्हाताऱ्यांना झापायची, तीच गोष्ट तिने केली. अडकलं, तोडलं, पाण्याला देऊन टाकलं.

दोराचं टोक सुळकन खाली गेलं.

डोंगा काठाला लागला. गुलाबरावांनी डोंगा वर ओढला, पण सोहमच्या बाजूने गेले नाहीत, वळसा घालून गेले. सोहम उतरून मलिहाच्या शेजारी उभा राहिला. दोघंही पाण्याकडे बघत होते.

लिंबाच्या शेंड्याशी बुडबुडे येत होते.

"सिलिंडर फुटलं असन," मलिहा म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"उन्हाळ्यात चिखलातूनही निघते गॅस," गुलाबराव म्हणाले. त्यांचे डोळे जमिनीवर होते.

फुटलेल्या सिलिंडरची हवा एकसारखी निघत राहते, हे मलिहाला माहीत होतं. चिखलातली हवा इथे एक, तिथे एक अशी फुटते, हेही माहीत होतं. हे बुडबुडे एका जागी येत होते. येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते. माणूस खाली श्वास सोडतो, थांबतो, घेतो, पुन्हा सोडतो, तसे. आधी भरभर, घाबरल्यासारखे. मग सावकाश.

पाण्यात उडी घालावी, पोहत जावं, असं तिला वाटलं. तिने एक पाऊल टाकलंही. तिच्या मनगटाभोवती सोहमची बोटं आली. त्याने ओढलं नाही, नुसतं धरलं. ती बोटं इतकी गार होती की तिचा हातच बधिर झाला.

दोन बुडबुड्यांमधलं अंतर वाढत गेलं. एक झुंबड आली. मग बराच वेळ काही नाही. मग एकच, लहानसा.

मग पाणी सपाट झालं.

मलिहा वाट बघत राहिली. काहीच आलं नाही. आणि त्या शांततेत तिच्या शेजारून, वर आल्यापासून पहिल्यांदाच, सोहमने खोल श्वास घेतल्याचा आवाज आला.